होगार्थच्या 'बेडलम' चित्राचा छाप कधीचा? मदत हवी आहे

मंडळी, जुन्या छापचित्रांतलं कुणाला कळतं का? लंडनच्या मामेभावाने अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याच्या 'अ रेक्स प्रोग्रेस' मालिकेतलं आठवं, शेवटचं चित्र पाठवलंय. बापाची इस्टेट उधळलेला टॉम रेकवेल बेडलम या वेड्यांच्या इस्पितळात जमिनीवर पडलाय, पायात बेडी घालताहेत, शेजारी त्याने सोडून दिलेली प्रेयसी सारा रडतेय. मागे एक उघडाबागडा रुग्ण डोक्यावर मुकुट घालून राजा बनलाय, आणि नटूनथटून आलेल्या दोन बाया चक्क पंख्याआडून ही गंमत बघताहेत! (तेव्हा लोक तिथे करमणुकीसाठी जात.)

मूळ छाप 1735 चे. माझ्या प्रतीत भिंतीवर ब्रिटानियाचं (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं) मोठं नाणं आहे, त्यावर 1763. ते होगार्थने नंतर कोरलं, म्हणजे पहिल्या छपाईची प्रत नक्कीच नाही. पण त्याच तांब्याच्या पत्र्यांवरून 1822 च्या सुमारासही छपाई झाली होती. कागद उजेडासमोर धरला तर जुन्या हातकागदात साच्याच्या जाळीच्या रेघा दिसतात तशा दिसत नाहीत. यावरून 1822 ची म्हणावी का? की आणखी काही तपासायचं असतं?

दुसरं, मागे पुठ्ठा डकवलाय आणि कडेला तपकिरी डाग पडलेत. पुण्या-मुंबईत पुठ्ठा काढून डाग साफ करण्याचं काम करणारं खात्रीचं कुणी माहीत असेल तर कृपया सुचवा. तोवर पुठ्ठ्याला हात लावत नाही.