शब्दचर्चा : टीव्हीची खरखर, घरघर आणि हमिंग

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, सुट्टीत गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात बसतो. पिक्चर ट्यूबचे जुने टीव्ही आमच्याकडं अजून येतात. गिऱ्हाईक सांगते, ‘आवाज खराब येऊन राह्यला.’ कसा खराब म्हणून विचारलं का कोणी खरखर म्हणते, कोणी घरघर, कोणी म्हणते फाटते. दुकानाच्या वहीत मात्र या सगळ्यांसाठी ‘नॉइज’ एवढंच लिहितात. या शब्दांत खरंच फरक आहे का? आणि डिमॉड्युलेशनला, म्हणजे आलेल्या लहरीतून आवाज-चित्र वेगळं काढण्याला, मराठीत काय म्हणावं?

उत्तर (आर्वी, जि. वर्धा)

भाऊ, फरक आहे आणि तो वहीत उतरलाच पाहिजे. गिऱ्हाईक नेमका शब्द वापरतं तेव्हा अर्धा दोष त्यानंच शोधून दिलेला असतो.

आधी मुंग्या आणि खरखर वेगळ्या करू. मुंग्या म्हणजे पडद्यावरचे नाचरे ठिपके, त्या चित्रात येतात; खरखर आवाजात. टॉवरपासून लांबच्या गावांत अँटिना कितीही फिरवला तरी ‘मुंग्याच मुंग्या दिसून राह्यल्या, पण बातम्या साफ ऐकू येतात’ असं लोक सांगायचे. ते अगदी बरोबर होतं. आपल्याकडच्या जुन्या टॉवर-प्रक्षेपणाच्या पाल पद्धतीत चित्र एएमवर यायचं आणि आवाज एफएमवर. एएममध्ये लहरीची उंची कमीजास्त होते, त्यामुळे वाटेत मिसळलेला गोंधळ थेट पडद्यावर उमटतो. एफएममध्ये मजकूर वारंवारतेच्या हालचालीत असतो, उंचीत नसतो. म्हणून सेटमधला लिमिटर लहरीचे वरखाली झालेले शेंडे छाटून टाकतो, त्यांच्यासोबत बराचसा गोंधळही जातो. आवाजाच्या वाहक लहरीची (आवाज वाहून आणणाऱ्या लहरीची) ताकद चित्राच्या लहरीच्या साधारण दहावा भाग असायची, तरी आवाज टिकायचा तो याच कारणानं. मुंग्यांबरोबर खरखरही आली, तर सिग्नल इतका अशक्त झालाय की लिमिटरला छाटायलाही पुरेसा उरलेला नाही. तेव्हा अँटिनाच्या सॉकेटात येणारी वायर पाहा, आवाजाचं सर्किट उघडू नका.

आता घरघर. हा शब्द मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. गिऱ्हाईकाला एकच विचारायचं : ‘जाहिरातीत पांढरी अक्षरं आली का घरघरते का?’ हो म्हणालं, तर दोष चित्र आणि आवाज यांच्या नात्यातला आहे.

ते नातं असं. ट्यूनरमधून आयएफला (मधल्या, ठरावीक वारंवारतेच्या टप्प्याला) येताना चित्राची वाहक लहर ३८.९ मेगाहर्ट्झवर असते, आवाजाची ३३.४ वर. दोन्ही व्हिडिओ डिटेक्टरमध्ये (लहरीतून चित्र काढणाऱ्या भागात) एकत्र गेल्या की त्यांच्या फरकाची, म्हणजे ५.५ मेगाहर्ट्झची, तिसरी लहर तयार होते आणि आवाज तिच्यावर स्वार असतो. याला इंटरकॅरियर पद्धत म्हणतात. ट्यूनर तापून थोडा सरकला तर दोन्ही लहरी एका जुवाला जुंपलेल्या बैलजोडीसारख्या सोबतच सरकतात, मधलं अंतर तेवढंच राहतं. त्यामुळे आवाज जागेवर राहतो. पण ही ५.५ ची लहर तयार व्हायला चित्राची लहर जिवंत असावी लागते. आपल्याकडं चित्र उलट्या मॉड्युलेशनचं आहे : पडदा जितका पांढरा, तितकी लहर बारीक. म्हणून प्रक्षेपणात पूर्ण पांढऱ्यालाही सुमारे दहा टक्के लहर शिल्लक ठेवायचे. ट्यूनिंग बिघडलं, आयएफवर भार जास्त आला किंवा प्रक्षेपणातच पांढरं मर्यादेबाहेर गेलं, तर अक्षरांच्या जागी ही शिल्लक संपते आणि ५.५ ची लहर तेवढ्यापुरती तुटते. पडदा सेकंदाला ५० वेळा वरून खाली आखला जातो (एका फेरीत निम्म्याच ओळी, म्हणून पूर्ण चित्रं २५), म्हणून हे तुटणंही त्याच तालात होतं. कानाला ती घरघर लागते.

चित्र कोणतंही असो, एकसारखा गुंगणारा आवाज येत असेल तर ते हमिंग. दुकानात हाच शब्द चालतो, तो बदलायची गरज नाही. व्हॉल्यूम पूर्ण कमी करा. तरीही गुंगत असेल तर पॉवर सप्लायचा मोठा फिल्टर कपॅसिटर सुकला का ते आधी बघा. घरघर व्हॉल्यूमसोबत बसते, कारण ती व्हॉल्यूमच्या आधीच्या टप्प्यात जन्मते.

फाटणं पुन्हा निराळं. ५.५ च्या लहरीतून आवाज काढायचं काम जुन्या सेटांत टीबीए १२० सारखी आयसी करायची. ती सिग्नलच्या दोन वाटा करते. एक सरळ जाते, दुसरी ५.५ ला जुळवलेल्या कॉइलमधून, जिथं ती नव्वद अंशांनी मागंपुढं होते. आवाजाप्रमाणे वारंवारता हलली की हा कोन बदलतो, आणि दोन्ही वाटांच्या गुणाकारातून आवाज मिळतो. कॉइल जुळणीतून सरकली की मोठ्या आवाजाचे शेंडे वाकडे येतात : बोलणं कळतं, पण ‘स’ आणि ‘श’ चिरकतात. कॉइलचा गाभा प्लॅस्टिकच्याच पेचकसानं, अगदी थोडा थोडा फिरवा. लोखंडी पेचकसानं जुळणीही हलते आणि ठिसूळ फेराइट तडकतं. मोठ्यानं चालणारी बातमी लावा, संगीत नको; माणसाच्या बोलण्यात फाटणं लवकर कळतं. कॉइल ठीक असेल तर मग स्पीकरचा कागद तपासा.

(चांदूर रेल्वे, जि. अमरावती)

शाळेत विज्ञान शिकवते. डिमॉड्युलेशनचा ‘विमॉड्युलन’ हा पुस्तकी शब्द मुलांना पाठ होतो, पण त्यात काय होतं ते विचारलं की गप्प बसतात. मी वर्गात ‘वाहक लहरीवरून आवाज सोडवणं’ म्हणते. गुंतलेलं सोडवतो, त्या अर्थानं. परीक्षेत विमॉड्युलन लिहा, समजून घेताना सोडवणं म्हणा.

(आर्वी)

ताई, ‘सोडवणं’ मला पटलं. फक्त एक जपावं : आता फ्री डिशच्या डब्यातही डिमॉड्युलेशन होतं, पण तिथं ते झाल्यावर हाती आवाज येत नाही, आकडे येतात. त्या आकड्यांचा आवाज करणं म्हणजे डीकोडिंग, त्याला ‘उलगडणं’ म्हणू. दोन्हीला एकच शब्द लावला तर मुलांचा घोटाळा होईल.

(दारव्हा)

सर, मग डब्याचा आवाज बिघडला तर कोणता शब्द लिहू? काल एकानं ‘खरखर’ सांगितलं आणि टीव्ही तर डब्याला जोडलेला होता.

(आर्वी)

उपग्रहाच्या सिग्नलनं खरखर येत नाही. सिग्नल कमी पडला की आकडे चुकतात, मग आवाज तुटतो किंवा थांबतो आणि चित्रात चौकोन पडतात. तिथं ‘तुटतो’ हाच शब्द लिहा. तरी त्या माणसाची खरखर खरी असू शकते. डबा टीव्हीला कसा जोडलाय ते पाहा. अँटिनाच्या सॉकेटात एकच जाड वायर असेल तर डब्यातला मॉड्युलेटर आवाज पुन्हा ५.५ वर चढवतो आणि टीव्हीला तो पुन्हा सोडवावा लागतो. जुनी खरखर त्याच वाटेनं परतते. टीव्हीला एव्ही इनपुट असेल तर पिवळी, पांढरी, लाल वायर लावून द्या, हा सगळा फेरा वाचतो.

(चांदूर रेल्वे)

आणि ‘शिट्टी’? जुना टीव्ही लावला की नातवाला बारीक शिट्टी ऐकू येते, मला काहीच नाही.

(आर्वी)

ताई, ती वहीत लिहिताना आवाजाच्या रकान्यात टाकूच नये. स्पीकरची वायर काढली तरी ती राहते. ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे १५,६२५ वेळा ओळ आखली जाते. त्या वेगानं लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा गाभा थरथरतो. वय वाढलं की कानाला एवढे बारीक सूर लागत नाहीत, म्हणून नातवाला येते. ती एकाएकी वाढली, तर मात्र ट्रान्सफॉर्मर तपासायला सांगा.