फोटोवाल्याचं टोकन

मोठी आत्या: कोणी उत्तर देणार आहे का? लग्न 11 आठवड्यांवर आलं आणि वहिनी म्हणतात फोटोवाल्याला टोकन पाठवलं. कागद केलाय का काही? मागच्या वेळचं विसरलात सगळे?

आई: वन्सं, थोडंसंच दिलंय हो. तारीख हातची जायला नको म्हणून.

मोठी आत्या: थोडं का असेना, कशाबद्दल दिलं ते लिहिलंय कुठे?

काका: लेखी घ्या. तारीख, किती तास थांबणार, किती माणसं आणणार, फोटो कधी देणार, रद्द झालं तर किती परत. दोघांच्या सह्या.

काकू: माझा भाचा आहे ना. तीनदा सांगितलं, कोणी हूं की चूं केलं नाही.

दादा: काकू, काम छानच आहे त्याचं. पण तो पक्ष्यांचे फोटो काढतो. हॉलमध्ये उजेड कमी, त्यात रंगीत दिवे, आणि हुकलं तर परत कोणी तसं उभं राहत नाही.

काकू: असू दे. आमच्याकडच्यांचं या घरात कधी चाललंय?

मामा: मी काढतो फोटो. फक्त सगळ्यांची डोकी कापलेली येतील 😄

आई: तू गप रे.

मी: इन्स्टाग्रामवर फार सुंदर फोटो आहेत त्याचे, म्हणून हो म्हटलं.

ताई: माझ्या वेळीही सुंदरच होते. ते दहा लग्नांतले वेचलेले असतात गं. एकाच लग्नाचा अख्खा अल्बम माग, पहिल्या फोटोपासून शेवटपर्यंत. कोपऱ्यात बसलेली म्हातारी माणसं, दिवे लागल्यावरचे चेहरे, तिथे हात कळतो. आणि दोन-चार फोटो गूगल लेन्सवर टाकून बघ, दुसऱ्याचे उचललेले नाहीत ना.

दादा: कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकदम फोटो उतरतात का तेही विचार. ताईच्या वेळी एकच कार्ड होतं.

ताई: आणि तो स्वतः आलाच नव्हता. हाताखालचा मुलगा पाठवला, ते आम्हाला हॉलच्या दारात कळलं. आजोबा चष्मा पुसून, शर्टाचं वरचं बटण लावून माझ्याशेजारी उभे राहिले होते. क्लिक झालेलं मी ऐकलंय. ते कार्ड उघडलंच नाही. 4 महिन्यांनी आजोबा गेले. भिंतीवर आहे तो ओळखपत्रावरचा मोठा केलेला.

आई: 🙏

मामा: चुकलं माझं. चेष्टा करायला नको होती.

काका: लेखी घ्या. ‘स्वतः येणार’ हे लिहून घ्या. आजारी पडला तर बदली कोण, त्याचं नावसुद्धा.

काकू: मलाही वाईट वाटतं गं त्याचं. म्हणूनच म्हणते, घरचा माणूस बरा.

मोठी आत्या: घरच्याकडे कागद मागायला जीभ रेटत नाही, आणि चुकलं की बोलायचीही चोरी. भाचा असला तरी कागद हवाच.

काकू: देईल की कागद. कोणी विचारलं तर.

दादा: केटररचंही आताच ठरवा. ताटं मोजणार कोण, त्यांचा माणूस की आपला? डेकोरेशनवाला सामान कधी उचलणार? लाइट गेली तर जनरेटर कोणाचा? चौकशी त्यांनी दिलेल्या नंबरांवर करू नका, ते त्यांच्या मर्जीतलेच असतात. हॉलच्या मॅनेजरला विचारा. कोण वेळेवर येतं हे त्याला रोज दिसतं.

आई: बाकीचे पैसे कधी द्यायचे?

मोठी आत्या: टप्प्याटप्प्याने. शेवटचा हप्ता फोटो हातात पडल्यावर. आणि कागदावर जे नाव, तेच खात्यावर.

आई: वन्सं, मी पाठवले ते खातं वेगळ्याच नावाचं होतं.

मोठी आत्या: वहिनी!

काका: लेखी घ्या.

आई: कळलं हो भाऊजी. तीनदा सांगितलंत.

मी: आत्ताच फोन केला. म्हणतो भागीदाराचं खातं आहे. टोकनची पावती आणि करार आज रात्रीपर्यंत पाठव म्हटलंय. नाही आला तर टोकन परत मागणार.

काकू: भाच्याला ती तारीख मोकळी ठेवायला सांगू का?

मी: सांगा काकू. अल्बमही मागवा, एका लग्नाचा पूर्ण.

काकू: त्याने एकच लग्न केलंय. पण मागवते.

ताई: कोणीही येऊ दे. आजीचा फोटो सगळ्यात आधी काढायचा, ती दमायच्या आत.

काका: हे पण कागदात घाला.