जंगल राखलं कोणी, खात्यानं की गावानं?

मोहाखालची (धागाकर्ती)

ऑफिसच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो मेसेज फिरला: एका झाडाची किंमत ७४,५०० रुपये, गुणिले झाडाचं वय. मेसेज खोटा नाही. बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी झाडं तोडायची होती, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं २०२१ साली हाच हिशेब दिला होता. त्यातले ४५,००० नुसत्या ऑक्सिजनचे. सगळ्यांनी हात जोडले, आणि मला आजीचा मोह आठवला.

माझं आजोळ गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात. मार्च-एप्रिलात आजी पहाटे चारला टोपली घेऊन निघायची. फुलं रात्री गळतात आणि उजाडलं की गुरं तोंड घालतात, म्हणून घाई. कुठलं झाड कुणाच्या घरचं ते ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नसे. अंगणात वाळत घातलेली फुलं तीन-चार दिवसांत मनुकांसारखी व्हायची आणि आमच्या कपड्यांना आठवडाभर तोच वास. आजीच्या लेखी त्या झाडाची किंमत म्हणजे पावसाळ्यातलं मीठमिरची. खात्याच्या वहीत मात्र सागवान तेवढं सागवान, बाकी सगळं 'आडजात'.

माझा मुद्दा असा की वनखातं जंगल राखायला जन्मलंच नाही. १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली आणि मग रूळ पसरत गेले तसे लाकडी स्लीपर कमी पडायला लागले. १८६४ला ब्रँडिस नावाचा जर्मन माणूस वनखात्याचा पहिला महानिरीक्षक झाला, १८६५ला पहिला कायदा, १८७८ला दुसरा. त्या दुसऱ्यात राखीव, संरक्षित आणि गावची असे तीन प्रकार होते; तिसरा बहुतेक कागदावरच राहिला. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गायरानं गिळणाऱ्या या खात्यावर कोरडे ओढले ते १८८३ साली. १९३०ला जंगल सत्याग्रह झाला, रायगडातल्या चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळ्या चालल्या. इंग्रज गेले, पण त्यांचा १९२७चा कायदा अजून आहे.

उलट आमच्याच तालुक्यातलं लेखा-मेंढा गाव बघा. २००९ला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ज्याचं पोट जंगलावर आहे त्याच्या हाती ते टिकतं, असं माझं मत. पटत नसेल तर बोला.

निवृत्त_रेंजर

ताई, आजीचा मोह वाचून बरं वाटलं. आता त्याच मोहाखालची दुसरी गोष्ट ऐका. फुलं वेचायला जमीन साफ लागते, म्हणून खालचा पालापाचोळा पेटवतात. वारा सुटला की तो पाला डोंगर पेटवतो. माझ्या नोकरीतले बहुतेक एप्रिल जाळरेषांवर (आग पसरू नये म्हणून साफ ठेवलेल्या पट्ट्यांवर) गेले. पाणी नसतंच, हिरवी फांदी तोडायची आणि आग झोडपत राहायची. दुसऱ्या दिवशी राखेत कासवाची पाठ सापडते.

खातं स्लीपरसाठी जन्मलं, कबूल. पण १८६४वर गाडी थांबवू नका. १९७२चा वन्यजीव कायदा आला, १९८०चा वनसंवर्धन कायदा आला. तेव्हापासून केंद्राला विचारल्याशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला देता येत नाही. हे नसतं तर धरणं, खाणी आणि पट्टे यांत काय उरलं असतं? २००६च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे; त्याआधीपासून कसलेल्या वनजमिनीवरच हक्क मिळतो. त्यानंतर पाडलेलं वावर आधीचं म्हणून दाखवायला आलेली माणसं मी टेबलासमोर बसवून चहा पाजलाय. लेखा-मेंढा एक. बाकी गावांचं काय?

काटेरी_कळक

रेंजरसाहेब, गावकऱ्यांवर बोट ठेवण्याची सवय जुनी आहे. दांडेलीचं उदाहरण देतो. उत्तर कन्नडमधल्या कागद गिरणीला १९५८च्या सुमाराला बांबू टनाला दीड रुपयानं मिळत होता. होय, दीड. पुढे बांबू संपत आला तेव्हा गिरणी म्हणाली की गावकऱ्यांनी आणि त्यांच्या गुरांनी खाल्ला. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ तिथे बांबूची बेटं तपासत फिरले. काटेरी बांबूच्या बेटाला बुडाशी काट्यांचं जाळं असतं. गावकरी वरून तोडायचा आणि ते जाळं तसंच ठेवायचा, कारण आत नवे कोंब असतात. गिरणीचे मजूर जास्त बांबू हाती लागावा म्हणून जाळं साफ करायचे. मग कोंब उघडे पडले आणि गुरांनी, रानातल्या जनावरांनी खाल्ले. म्हणजे खाल्ले गुरांनीच, पण दार कुणी उघडलं?

कोकणातला_बंड्या

तुमचं सगळं जंगल सरकारी, म्हणून हा वाद तरी होतो. आमच्याकडे बरंचसं जंगल मालकीचं. खातं दूर आणि मालक गावचाच. तरी दर काही वर्षांनी ठेकेदार येतो, डोंगर उभा भादरतो आणि जळाऊ लाकडाचे ट्रक घाट चढतात. भावकीत वीस हिस्से, प्रत्येकाला मुंबईत थोडे पैसे पोचतात, प्रश्न मिटला.

देवराईचं म्हणाल तर ऐका. आमच्या राईत काटकी उचलायची चोरी होती. मग चाकरमान्यांनी वर्गणी काढली, देवीला स्लॅबचं देऊळ हवं ठरलं. मध्ये दोन दांडगी झाडं येत होती. देवीला कौल लावला. कौल उजवा आला! आता तिथे पेव्हर ब्लॉक आहेत आणि उन्हाळ्यात अनवाणी उभं राहवत नाही. तेव्हा गावाच्या हाती जंगल टिकतं हे मला सांगू नका.

मोहाखालची

बंड्या, मालकी आणि सामूहिक यात फरक आहे की नाही? वीस हिस्सेदारांचा सातबारा म्हणजे ग्रामसभा नव्हे.

कोकणातला_बंड्या

देऊळ ग्रामसभेनंच ठरवलं, ताई. एकमतानं.

आकडेमोड

दोघंही 'जंगल टिकलं' म्हणता ते मोजता कसं? सरकारी अहवालात एक हेक्टरपेक्षा मोठी, झाडांचं दहा टक्के किंवा जास्त छत्र असलेली जागा म्हणजे वनाच्छादन. मालक कोण आणि झाड कुठलं हे बघत नाहीत. त्यात आंब्याची बाग बसते, रबर बसतं. २०२३च्या अहवालात देशाचं वनाच्छादन २१.७६ टक्के. १९५२च्या धोरणातलं एक तृतीयांशाचं लक्ष्य अजून पुढेच आहे, आणि या २१ मध्ये आजीचा मोह किती, कुणास ठाऊक. २००८ला न्यायालयानं वनजमीन वळवण्याचा दर हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख ठरवला होता. पुण्यात एवढ्यात पार्किंगही येत नाही.

जुनी_बखर

थोडं अवांतर. लाकूड तोडायला इंग्रजच आले असं नाही, आरमाराला साग स्वराज्यातही लागत होता. पण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आंब्या-फणसाला हात लावू नका, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलीत, असं बजावलंय. जीर्ण झाड हवंच असेल तर धन्याला राजी करून, पैसे मोजून घ्यावं.

निवृत्त_रेंजर

कळकसाहेब, दांडेलीचं नाकारत नाही. आम्हीही १९७४ला वनविकास महामंडळ निघाल्यावर मिश्र जंगल साफ करून साग लावलेला पाहिलाय, कूप (तोडीचे भाग) आखायला मी स्वतः होतो. त्यात मोहही गेले असतील. पण ताई, वणव्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

मोहाखालची

नाही दिलं, कारण आजीही पेटवायची. खोटं कशाला बोलू. आता मामी झाडाखाली हिरवी जाळी अंथरते, फुलं थेट त्यावर पडतात. माती लागत नाही म्हणून व्यापारी दोन रुपये जास्त देतो. पहिली जाळी उंदरांनी कुरतडली, तर तिनं जुन्या साड्या जोडून लावल्या. गेल्या वर्षी आमच्या झाडाखाली काडी ओढली नाही. शेजाऱ्यानं ओढली.

निवृत्त_रेंजर

शेजाऱ्याचा कक्ष क्रमांक कळवा. (सवय जात नाही.) आणि त्या साड्या किती लागतात एका झाडाला?

मोहाखालची

मोठ्या झाडाला सात. नऊवारी असल्या तर पाच.