जुन्या फार्गो ट्रकमध्ये ४९७ इंजिन: अल्टरनेटर आणि स्टिअरिंग पंपाचे ब्रॅकेट कसे बनवावे?

करवीर_फार्गो

नमस्कार. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेला, १९५० च्या दशकातला एक फार्गो ट्रक आमच्या घरी आहे. त्याच्या मूळ सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक तडकल्यामुळे टाटा ४०७ मधून निघालेले ४९७ डिझेल इंजिन त्यात बसवण्याचे काम सध्या चालू आहे. इंजिनाचे माउंटिंग झाले आहे, गिअरबॉक्स जागेवर बसला आहे आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी कमी करून त्याचे बॅलन्सिंगही करून घेतले आहे. काम अडले आहे ते इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी.

माझ्याकडचे मूळ ब्रॅकेट वापरले की अल्टरनेटर चॅसिसच्या लाँग मेंबरला (लांबीभर जाणाऱ्या मुख्य पोलादी बीमला) जवळजवळ टेकतो; दोघांमध्ये बोटही शिरत नाही. त्यामुळे अल्टरनेटर वर उचलून घेण्यावाचून इलाज दिसत नाही. या अल्टरनेटरच्या पाठीलाच व्हॅक्यूम पंप आहे आणि ब्रेकचा बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा भाग) त्याच्यावर चालणार आहे. शिवाय पॉवर स्टिअरिंगसाठी पट्ट्यावर चालणारा वेगळा पंप घेतला आहे, त्याला तर या इंजिनावर जागाच नाही.

एका वर्कशॉपने ६ मिलिमीटर प्लेटचे इंग्रजी एल आकाराचे ब्रॅकेट दोन बोल्टवर बसवून दिले. इंजिन आयडलला (रेस न देता किमान वेगाने चालू) असताना अल्टरनेटर डोळ्यांना दिसेल इतका थरथरतो, पुलीभोवती पट्ट्याचा काळा भुगा जमतो आणि रेस दिली की पट्टा उतरतो. ते काढून मी नव्याने सुरुवात करणार आहे. मोजमाप कोठून घ्यावे, प्लेट किती जाड असावी, पंप चॅसिसवर बसवला तर चालेल का आणि दोन्हींसाठी एकच ब्रॅकेट करावे की वेगवेगळी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

शिरोली_फिटर

पंप चॅसिसवर बसवू नका, हे सर्वांत आधी सांगतो. इंजिन रबरावर डोलते, चॅसिस डोलत नाही. पट्ट्याचे एक टोक इंजिनावर आणि दुसरे चॅसिसवर असले की क्लच सोडताना किंवा इंजिन बंद होताना पट्टा क्षणात सैल आणि क्षणात ताठ होतो आणि तो उतरण्याचे किंवा बेअरिंग खाण्याचे कारण तुम्हाला कधीच सापडत नाही. पट्ट्यावर चालणारी प्रत्येक वस्तू इंजिनालाच बांधलेली हवी. इंजिनापासून चॅसिसकडे जावे ते फक्त लवचिक होजने.

आता मोजमाप. सगळ्यांचा आधार एकच, तो म्हणजे क्रँकशाफ्टच्या पुलीची खाच. बहुतेक जण पुलीच्या तोंडाला सरळ पट्टी लावून अल्टरनेटरची पुली त्या पट्टीला टेकवतात आणि लाइन मिळाली असे समजतात. पण तोंडापासून खाचेच्या मध्यापर्यंतचे अंतर प्रत्येक पुलीचे निराळे असते, त्यामुळे तोंडे जुळली तरी पट्टा तिरकाच पळतो. त्याऐवजी एकाच व्यासाचे गोल पिनचे तुकडे प्रत्येक खाचेत असे बसवा की ते खाचेच्या दोन्ही उतारांना टेकतील, मग समोर एक ग्राइंड केलेली सरळ पट्टी धरून तिच्यापासून प्रत्येक पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर व्हर्नियरने मोजा. हे माप प्रत्येक पुलीवर दोन ठिकाणी, एकदा वर आणि एकदा खाली, घेतले म्हणजे पुली मागेपुढे आहे की वाकडी आहे हे वेगवेगळे कळते. व्ही पट्ट्याला साधारण अर्ध्या अंशापर्यंतचा तिरकेपणा चालतो असे मानतात. शाफ्टांमध्ये ३०० मिलिमीटर अंतर असेल तर तो अडीच मिलिमीटरच्या आसपास भरतो, परंतु तेवढ्यावर समाधान मानू नये. १ मिलिमीटरच्या आत आणणे हातच्या अवजारांनीही शक्य आहे.

ब्लॉकवर नवीन भोके मारण्याचा मोह टाळा. ओतीव भिंतीमागे कुठे पाण्याचे जॅकेट आहे आणि कुठे ऑइल गॅलरी (तेलाची वाहिनी), हे बाहेरून दिसत नाही. आधीची आटे असलेली जितकी भोके सापडतील तितकी साफ करा, त्यांची खोली मोजा आणि बोल्ट किमान दीड व्यास आत जाईल असे पाहा. जागा प्लेटवर उतरवण्याची सोपी पद्धत अशी: त्याच आट्यांच्या बोल्टांची डोकी कापून लेथवर त्यांना टोक काढा, ते भोकांत असे फिरवा की टोक थोडेसेच बाहेर राहील, मग प्लेट समोर धरून लाकडी हातोड्याने ठोका. प्लेटवर उमटलेले ठिपके हीच भोकांची केंद्रे. टेपने मोजून मारलेल्या भोकांपेक्षा हे कितीतरी अचूक येते.

थरथरण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे. ४९७ मध्ये ९७ मिलिमीटर बोअर आणि १०० मिलिमीटर स्ट्रोकचे चार सिलिंडर आहेत, म्हणजे २९५६ सीसी. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात पिस्टनच्या हालचालीतून एक उभा धक्का उरतो, जो क्रँकच्या प्रत्येक फेरीत दोनदा येतो. सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनात तो आपोआप मिटतो. मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या आयडलला हा धक्का सेकंदाला २५ वेळा बसतो आणि ३००० फेऱ्यांना १०० वेळा. ब्रॅकेट आणि त्यावरचे वजन यांची स्वतःची कंपनसंख्या या २५ ते १०० च्या दरम्यान आली की ते डोलू लागते, मग प्लेट कितीही महाग असो. तुमचे ब्रॅकेट आयडललाच डोलते याचा अर्थ ते फारच मऊ आहे. ते शंभराच्या बरेच वर न्यायचे असेल तर नुसती जाडी वाढवून भागत नाही. तीन आधारबिंदू हवेत, ते एका रेषेत नसावेत, अल्टरनेटरचे वजन ब्लॉकच्या शक्य तितके जवळ यावे आणि दुमडीत त्रिकोणी गसेट (कोपऱ्याला टेकू देणारा प्लेटचा तुकडा) हवा. १० मिलिमीटरची आय.एस. २०६२ (बांधकामी पोलादाचे भारतीय मानक) प्लेट या कामाला पुरेशी आहे. तयार झाल्यावर ब्रॅकेट अल्टरनेटरसह बोल्ट आवळून बसवा, इंजिन बंद ठेवून रबरी हातोड्याने टोला द्या आणि मोबाइलवरच्या आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या ॲपमध्ये कोणती कंपनसंख्या उमटते ते पाहा.

गसेट_आणि_वेल्ड

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझी भर बनवण्याच्या क्रमाबद्दल आहे.

आधी प्लायवुडचा नमुना करा. तो जागेवर धरला की फॅन, रेडिएटरची होज आणि बॉनेटचा कोपरा यांना काय लागते ते पोलाद कापण्यापूर्वीच कळते. लाँग मेंबरपासून २० ते २५ मिलिमीटर मोकळीक याच टप्प्यावर तपासा, तीही इंजिन पहारीने दोन्ही बाजूंना ढकलून. नमुना पटला की त्यावरून रेखाचित्र काढून लेझरवर कापून घ्या. गॅसने पाडलेली भोके नकोत. त्यांच्या खडबडीत कडेपासूनच पुढे तडा सुरू होतो. बोल्टची भोके ड्रिलनेच पूर्ण मापाला आणावीत.

वेल्डिंग इंजिनावर करू नका. ब्लॉकच्या भोकांची तीच रचना एका जाड प्लेटवर उतरवा, ब्रॅकेटचे तुकडे त्या प्लेटवर बोल्टने आवळा, टाके मारा, मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीने छोटे छोटे वेल्ड घेत पूर्ण करा आणि पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट सोडू नका. तरीही थोडा पीळ राहतोच. म्हणून ब्लॉकला टेकणाऱ्या बुशांची (बोल्टभोवतीच्या पोकळ गोल तुकड्यांची) तोंडे वेल्डिंगनंतर मिलिंगवर एका पातळीत घासून घ्या. हा खर्च टाळून वॉशरांच्या थप्प्या लावलेली ब्रॅकेट मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांचे बोल्ट काही महिन्यांतच सैल होतात.

अल्टरनेटरचा खालचा लांब बोल्ट त्याच्या अंगाच्या दोन कानांमधून (भोक असलेल्या बाहेर आलेल्या भागांमधून) जातो. ब्रॅकेट आणि कान यांच्यामध्ये फट ठेवून बोल्ट आवळला, तर ॲल्युमिनियमचा कान वाकतो आणि मोडतो. म्हणून फटीच्या नेमक्या मापाची बुश लेथवर काढून घ्या. वरच्या ताण देणाऱ्या खाचेच्या पट्टीला एक आडवा ॲडजस्टिंग बोल्ट जोडा, म्हणजे पहार घालून अल्टरनेटर ओढण्याची वेळ येणार नाही. पट्ट्याचा विळखा लहान पुलीवर किमान १२० अंश मिळायला हवा.

एक ब्रॅकेट की दोन, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: दोन. एकच मोठी प्लेट अधिक कडक होते हे खरे, पण मग स्टिअरिंग पंपाचे सील बदलायचे असले तरी अल्टरनेटर आणि व्हॅक्यूमची नळी काढावी लागते, आणि रस्त्यात बिघाड झाला तर गाडी तिथेच उभी राहते. पट्टेही दोन असावेत. स्टिअरिंगचा पट्टा तुटला तर स्टिअरिंग जड होईल, पण ब्रेकची मदत शाबूत राहील.

करवीर_फार्गो

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पिन घालून मोजून पाहिले, तर आधीच्या ब्रॅकेटवर अल्टरनेटरची पुली मागे तर होतीच, शिवाय वरून पुढे झुकलेली होती. पट्टा का उतरत होता ते कळले. आता एक शंका उरते. पुढे जागा कमी असल्यामुळे स्टिअरिंग पंप उलटा, म्हणजे पुली मागच्या बाजूला तोंड करून, बसवण्याचा विचार आहे. पट्टा त्याच रेषेत येतो. तसे केले तर चालेल का?

तेलाची_वाट

चालणार नाही. समोरून पाहता क्रँकशाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. पंपाचे तोंड मागे केले की पुली फिरते त्याच बाजूला, पण पंपाच्या स्वतःच्या पुलीकडून पाहिले तर ती दिशा उलटी झालेली असते. स्टिअरिंगचा व्हेन पंप (फिरत्या पात्यांचा पंप) एका दिशेसाठीच घडवलेला असतो. उलटा फिरवला तर दाब देत नाही. विरुद्ध दिशेचा पंप मिळाला तरच ही मांडणी करा. अल्टरनेटर उलटा फिरला तरी चार्जिंग करतो, मात्र त्याच्या पाठीचा व्हॅक्यूम पंप करणार नाही, त्यामुळे त्यालाही हाच नियम लागू आहे.

तुम्ही अल्टरनेटर वर उचलत आहात, म्हणून व्हॅक्यूम पंपाच्या तेलाकडे विशेष लक्ष द्या. त्याला इंजिनातून दाबाचे तेल जाते आणि ते केवळ उताराने सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) परत येते. परतीची नळी जाड असावी, तिला कुठेही पोट पडू नये आणि ती सम्पमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली असावी. नळी तुंबली की तेल पंपात साठून व्हॅक्यूम कमी होतो. इंजिन सुरू झाल्यावर पहिली चाचणी ब्रेकची घ्या: इंजिन बंद करून पेडल काही वेळा दाबा, ते कडक झाले की दाबून धरा आणि इंजिन सुरू करा, पेडल पायाखाली किंचित खाली गेले तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत आहे. ही खात्री पटेपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढू नये.

कागदपत्रांचेही पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल करण्यासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि तुमच्या गाडीत इंजिनाबरोबर इंधनही बदलले आहे. आरटीओमध्ये आजच चौकशी करा. ब्रॅकेटचे बोल्ट ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) घ्या, पहिल्या काही तासांच्या चालीनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि त्याच वेळी पट्ट्याचा ताणही बघा, कारण नवा पट्टा सुरुवातीलाच सैल होतो.