प्रति: सुट्टीत जोडीदाराला जुन्या दफनभूमी दाखवाव्यात का?

ताई, नवऱ्याला समुद्र सोडून थडगी बघायला कसं न्यायचं, असं विचारलंत म्हणून लिहिते. आमचे हेही आधी नाखूश होते. मी त्यांना जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस असिसी चर्चमध्ये नेलं. तिथली जमीनच कोरीव थडग्यांच्या दगडांची आहे. घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं पायांखाली येतात. हे वाकून वाकून वाचत राहिले, आणि मला फार बरं वाटलं.

तिथून सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याकडे जाच. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणात शिराझला मारली गेली. तिच्या अस्थी इथल्या उत्खननात सापडल्या आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने त्यांचा डीएनए तपासला. एवढ्या दूरची बाई आपल्या मातीत! मला अजून तिथे भरून येतं.

दोनापावलची छोटी ब्रिटिश दफनभूमीही पाहा. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इथे राहिलेल्या ब्रिटिश फौजेची ती आठवण.

गावातल्या चर्चची दफनभूमी मात्र वापरातली असते. २ नोव्हेंबरला घरची माणसं मेणबत्त्या लावायला येतात, तेव्हा कॅमेरा पिशवीतच ठेवा.