घोडबंदर रोड आणि पाम बीच: रस्त्यामुळे झालेली वाढ मोजायची कशी?

खाडीकाठची: नगररचनेच्या प्रोजेक्टसाठी, रस्त्यांमुळे शहर कसं पसरतं हे ठाणे–नवी मुंबईवरून दाखवायचंय. घोडबंदर रोडच्या दोन्ही अंगांना २ किमीचा बफर (रस्त्याला समांतर सरळ अंतराचा पट्टा) घेऊन २००१ आणि २०२१ मधलं बांधकाम तपासलं. तीच पद्धत पाम बीच रोडला लावली तर आकड्यांतून काहीच निघत नाही. रस्ते दोन्ही रुंदच आहेत, मग गडबड कुठे होतेय?

नकाशावाला: ताई, बफरच चुकीचा आहे. वाढ रस्त्याच्या रेघेला चिकटत नाही, जिथून रस्त्यावर चढता-उतरता येतं तिथे चिकटते. घोडबंदरला मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली अशा प्रत्येक नाक्यावरून आत शिरता येतं, म्हणून संकुलं मागे खोलवर गेली. पाम बीचला वाशी ते बेलापूर मोजकेच चौक, शिवाय खाडीकडे खारफुटी. अटल सेतू बघा: २१.८ किमी लांब, पण नवी मुंबईकडे उतरायला शिवाजीनगर, जासई, चिर्ले एवढंच. परिणाम शोधायचा तो तिथे.

क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचे रस्ते घ्या, नाके आणि रॅम्प बिंदू म्हणून टाका, 'सर्व्हिस एरिया' (बिंदूपासून रस्त्याने किती दूर पोचता येतं ते काढणारं टूल) चालवून रस्त्याने ५००, १००० आणि २००० मीटरचे पट्टे काढा. वनवेचं फील्ड (रस्ता एकेरी आहे का ते सांगणारा रकाना) लावायला विसरू नका, नाहीतर गाडी दुभाजकाच्या उलट बाजूने आल्यासारखी धरली जाते आणि लांबचं संकुलही जवळ दिसतं. पट्ट्यातून राष्ट्रीय उद्यान, खाडी, खारफुटी वजा करा आणि मगच बांधकामाचे टक्के काढा. राष्ट्रीय उद्यानातलं येऊरचं जंगल छेदात राहिलं की घोडबंदरची वाढ आहे त्यापेक्षा कमी दिसते.

दगडखाण: बांधकाम तपासलेल्या उपग्रह प्रतिमा कुठल्या महिन्याच्या आहेत? एप्रिल-मेमधलं सुकलेलं माळरान आणि खाणी वर्गीकरणात सरळ बांधकाम म्हणून येतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या घ्या. आणि २००१ ला लँडसॅट उपग्रहाची ३० मीटर पिक्सेलची प्रतिमा, २०२१ ला सेंटिनेलची १० मीटरची असं करू नका. आधीपासून असलेली घरंही नवी म्हणून मोजली जातील.

आराखडा: वरचं सगळं पटलं, पण एका गोष्टीवर अडतो. नवी मुंबईत रस्ता हे कारण धरताच येत नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने १९७० पासून रस्ते आणि सेक्टर एकाच आराखड्यात आखले, वाशीला रेल्वे आली १९९२ मध्ये. तिथे रस्ता आणि वस्ती ही दोन्ही एकाच निर्णयाची फळं. कार्यकारणभाव दाखवायचा तर घोडबंदरच घ्या.

तिथेही मुख्य रस्त्यापेक्षा आतले रस्ते मोजा, कारण किती बांधता येईल हे प्लॉटसमोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. डिसेंबर २०२० च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत महापालिका क्षेत्रात दाटवस्तीबाहेर मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते) १.१. प्रीमियम (पैसे भरून मिळणारा) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) धरून ९ मीटर रस्त्यावर तो २ पर्यंत जातो, ३० मीटर वा जास्त रुंदीवर ३ पर्यंत. जिने, लिफ्ट, बाल्कनी अशा भागांसाठीचा अनुषंगिक एफएसआय वेगळा. रुंदीचा रकाना डेटात घाला. एकाच नाक्याला लागून असलेल्या गावठाणातल्या गल्लीत ठेंगणी घरं आणि शेजारी टॉवर का, ते त्यातून कळेल. मात्र २०२१ पर्यंत उभ्या राहिलेल्या इमारतींना ही नियमावली लावू नका, त्यांना परवानग्या जुन्या नियमांनी मिळाल्यात.