स्लॅकवरच्या एआय एजंटसाठी टूलची वर्णनं कशी लिहायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑफिसच्या स्लॅकला (टीमच्या चॅटचं अ‍ॅप) एआय एजंट जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एमसीपी सर्व्हर (मेसेज पाठवणं, शोधणं अशा कामांची टूल्स एजंटला पुरवणारा दुवा) उभा आहे, टूल्स हाताने चालवून पाहिली तर चोख चालतात. घोडं अडतं ते एजंट वर्णन वाचून टूल निवडतो तिथे. आधीच्या टीमने लिहिलेली वर्णनं अशी: 'मेसेज पाठवतं', 'थ्रेडमध्ये उत्तर देतं', 'चॅनेलचे मेसेज आणतं', 'मेसेज शोधतं'. बस, एवढंच.

मग होतं काय, कोणी थ्रेडमध्ये (एका मेसेजखालच्या उत्तरांच्या साखळीत) विचारतं, "बिल्डचं काय झालं रे?" आणि हा शहाणा उत्तर मुख्य चॅनेलमध्ये टाकतो. सगळ्यांचे फोन वाजतात. थ्रेडचा सारांश मागितला तर 'कोणीही उत्तर दिलेलं नाही' असं बेधडक सांगतो, आणि खाली मारामारी होईल इतकी चर्चा झालेली असते. मेसेजची लिंक दिली तर मेसेज सापडत नाही म्हणतो. शोधाची तऱ्हा वेगळीच. 'उद्या कोण सुट्टीवर आहे' विचारलं की तो 'लीव्ह' हा शब्द इंग्रजीत शोधतो. आमच्याकडे लोक 'सुट्टी' लिहितात, कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, आणि बरेच जण नुसतं 'उद्या नाहीये मी'.

सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (एजंटला आधीच दिलेल्या कायमच्या सूचनांमध्ये) नियम घालून पाहिले. एक सुधारतं, दुसरं बिघडतं. वर्णनं लांबवावीत तर ती दर विनंतीबरोबर मॉडेलकडे जाणार, टोकनचं (मजकुराच्या ज्या तुकड्यांवर पैसे मोजले जातात त्यांचं) बिल वाढणार, म्हणून वरून कुरकुर. वर्णनात काय लिहायचं आणि प्रॉम्प्टमध्ये काय ठेवायचं? कोणी केलं असेल तर नमुना दाखवा प्लीज.

अर्धा चहा:
टूलबद्दल जे कुठल्याही ऑफिसात खरं असेल ते वर्णनात, तुमच्या ऑफिसची रीत प्रॉम्प्टमध्ये. 'रिलीज चॅनेलमध्ये रात्री काही टाकू नकोस' ही रीत. 'यातून थ्रेडची उत्तरं मिळत नाहीत' हे टूलपाशीच हवं.

सारांशाचा घोळ नेमका तिथेच आहे. स्लॅकचं चॅनेल-इतिहासाचं एपीआय (प्रोग्रॅमने माहिती मागायची सोय) थ्रेडचा पहिला मेसेज देतं. खालच्या उत्तरांसाठी वेगळा कॉल लागतो. एजंटला हे कोणी सांगितलंय? पहिल्या मेसेजबरोबर उत्तरांची संख्या येते, तुमचा सर्व्हर ती गाळत असेल तर आधी ते थांबवा. मग वर्णन साधारण असं:

'चॅनेलमधले अलीकडचे मेसेज आणतं. थ्रेडमधली उत्तरं यात येत नाहीत. मेसेजखाली उत्तरं असतील तर "थ्रेड वाचा" हे टूल वापर. चॅनेलचं नाव चालत नाही, आयडी लागतो. तो "चॅनेल यादी"तून घे.'

आयडी कुठून आणायचा हे सांगितलं नाही, तर मॉडेल प्रसंगी मनानेच एक बनवून देतं.

लिंकचं कारणही छोटंसंच असणार. थ्रेड ओळखायला मूळ मेसेजचा टाइमस्टँप (वेळेचा आकडा) लागतो, १७१२३४५६७८.१२३४५० असा. त्या मेसेजच्या लिंकमध्ये तोच आकडा पुढे 'पी' लावून आणि टिंबाशिवाय असतो. मॉडेल तो तसाच उचलतं. त्या पॅरामीटरच्या (टूलला द्यायच्या त्या माहितीच्या) वर्णनात लिहा: 'लिंकमधून घेत असशील तर पी काढ आणि शेवटच्या सहा अंकांआधी टिंब दे.' अँथ्रॉपिकच्या नमुना स्लॅक सर्व्हरमध्येही टिंबाची सूचना पॅरामीटरलाच जोडलेली होती. आणि प्रकार स्ट्रिंगच (म्हणजे मजकूर) ठेवा. नंबर ठेवलात तर वरच्या आकड्यातलं शेवटचं शून्य गळून जातं, मग वर्णन कितीही झकास असो, मेसेज काही सापडायचा नाही.

कल्याण लोकल:
पाठवायला दोन टूलं हवीतच कशाला? स्लॅकमध्ये दोन्हीसाठी कॉल एकच आहे. थ्रेडचा टाइमस्टँप दिला की उत्तर, नाही दिला की नवा मेसेज. एकच टूल करा आणि तो पॅरामीटर सक्तीचा करा: टाइमस्टँप तरी द्यायचा, नाहीतर 'नवा मेसेज' असं लिहायचं. टोकनही वाचतील. आणि ज्या मेसेजमुळे एजंट जागा झाला, त्याचा टाइमस्टँप त्याच्यापर्यंत पोचतोय ना, ते बघा. तो मिळत नसेल तर बिचारा थ्रेडमध्ये जाणार कसा?

अर्धा चहा:
एकत्र करू नका असं माझं मत. टूलं वेगळी असली की मुख्य चॅनेलमध्ये टाकण्याआधी माणसाची परवानगी मागायची सोय सहज करता येते, थ्रेडला मोकळं सोडता येतं. दोन ओळींच्या टोकनपेक्षा अख्ख्या ऑफिसचे फोन वाजणं महाग पडतं.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. परवानगीचा मुद्दा साहेबांनाही पटेल, टूलं वेगळीच ठेवतो. टाइमस्टँप सर्व्हरमध्येच अडकत होता, आत्ता पाहिलं. शोधाचं काय करू?

कल्याण लोकल:
वर्णनात लिहा: 'शब्द जुळला तरच सापडतं, अर्थावरून नाही. मराठी शब्द देवनागरी आणि रोमन, दोन्हीत वेगवेगळे शोध. काही मिळालं नाही म्हणजे तशी चर्चा झालीच नाही, असं सांगू नकोस.' 'उद्या नाहीये मी' मात्र यात सापडणार नाही. सुट्ट्या एखाद्या ठरावीक चॅनेलवर कळवत असाल तर शोध सोडा, त्या चॅनेलचे गेल्या काही दिवसांचे मेसेज वाचायला सांगा. आणि हे प्रॉम्प्टमध्ये, कारण तो चॅनेल तुमच्या ऑफिसचा.